बिनतारी जाळ्याचा दोष कसा शोधावा?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलेली लहानशी गोष्ट प्रथम सांगतों. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. मुलानें सर्व कागद जुळवून ठेविले होते. वडील कचेरींतून आले म्हणजे लॅपटॉप उघडून अर्ज भरावयाचा, इतकेंच काय तें राहिलें होतें. सायंकाळीं सात वाजतां लॅपटॉप उघडला, तों इंटरनेट बंद! वाय-फायचें चिन्ह पूर्ण भरलेलें दिसत होतें, पण एकहि पान उघडेना. मग बहुतेक घरीं जें होतें तेंच तेथेंहि झालें. आई मुलास म्हणाली, "दुपारभर मोबाइलवर खेळत होतास, तूंच कांहीं तरी बिघडविलें असशील." वडिलांनीं राउटर दोनचार वेळां बंद करून चालू केला, आणि अखेरीस त्याच्या मागील बाजूच्या बारीक छिद्रांत टांचणी घालून ती दाबून धरिली. दिवे विझले, पुन्हां लागले, आणि वाय-फायचें जें नांव दिसत होतें तेंहि नाहींसें झालें! अर्ज शेजारच्या घरीं बसून रात्रीं साडेदहा वाजतां कसाबसा भरला गेला.

दुसरे दिवशीं कारागीर आला तेव्हां कळलें कीं, सकाळीं केर काढतांना मेजामागील एक केबल आपल्या खोबणींतून अर्धवट निसटली होती. ती नीट बसविण्यास अर्धें मिनिटहि लागलें नसतें. परंतु टांचणीच्या प्रयोगानें राउटरमधील खात्याचें नांव व पासवर्ड पुसले गेले होते. ते घरांत कोणासच ठाऊक नव्हते. ते मिळवून पुन्हां भरण्यांत आणखी एक दिवस गेला. मुलाचा तर यांत कांहींच अपराध नव्हता.

या घरीं चुकलें तें काय? ज्ञान कमी होतें असें नव्हे, क्रम चुकला. दोष कोठें आहे हें ठरविण्यापूर्वींच उपाय सुरू झाले. वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. यंत्राच्या बाबतींत मात्र आपण हाताला येईल तें औषध प्रथम देतों, आणि नाडी मागाहून पाहतों. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस या लेखांत एकच गोष्ट सांगावयाची आहे: आधीं दोषाचें स्थान शोधावें, मग त्यास हात लावावा.

त्यासाठीं बाहेरचा संदेश आपल्या मोबाइलपर्यंत कोणत्या मार्गानें येतो हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. सध्यां शहरांतील पुष्कळ घरीं इंटरनेट कांचेच्या तंतूंतून, म्हणजे फायबरमधून येतें. त्या तंतूंतून वीज वाहत नसून प्रकाश वाहत असतो. घरांत आल्यावर हा तंतु एका लहान डब्यास जोडलेला असतो. कारागीर त्यास ‘ओएनटी’ म्हणतात. प्रकाशाच्या रूपानें आलेल्या संदेशास विजेचें रूप देणें हें त्याचें काम. तेथून एका केबलीनें तो संदेश राउटरकडे जातो. राउटर घरांतील प्रत्येक यंत्रास त्याचा वांटा नेमून देतो, आणि बिनतारी लहरींच्या द्वारें तो मोबाइल, लॅपटॉप इत्यादिकांकडे पाठवितो. कित्येक घरीं हीं दोन्ही कामें एकच डबा करितो. तरी कामें दोन आहेत हें विसरूं नये.

याची तुलना घरच्या पाण्याशीं करितां येईल. नगरपालिकेचा नळ रस्त्यावरून घरांत येतो, पाणी गच्चीवरील टाकींत पडतें, आणि टाकींतून तें प्रत्येक खोलींतील तोटीस मिळतें. तोटी उत्तम आहे, पण टाकींत पाणीच आलें नाहीं, तर तोटी फिरवून काय उपयोग? मोबाइलवर वाय-फायचें जें पंख्यासारखें चिन्ह दिसतें तें केवळ इतकेंच सांगतें कीं, मोबाइल व राउटर यांचा संबंध चांगला आहे. राउटरपर्यंत बाहेरून कांहीं येत आहे किंवा नाहीं, हें त्या चिन्हाच्या पट्ट्यांवरून कळत नाहीं. वर सांगितलेल्या घरीं तोटी शाबूत होती. टाकींत पाणी येत नव्हतें.

आतां परीक्षेचे पहिले दोन प्रश्न पाहूं. पहिला प्रश्न: इंटरनेट एकाच यंत्रावर बंद आहे, कीं सर्व यंत्रांवर? जर वडिलांच्या मोबाइलवर पान उघडतें व केवळ लॅपटॉपवर उघडत नाहीं, तर राउटरला हात लावण्याचें कांहीं कारण नाहीं. दोष लॅपटॉपांत आहे. दुसरा प्रश्न: यंत्रास वाय-फायशीं जोडतांच येत नाहीं, कीं जोडलें जाऊनहि पान उघडत नाहीं? जोडतां येत नसेल तर दोष बहुधा घरांतल्या घरांत, बिनतारी भागांत असतो. सर्वच यंत्रें जोडलीं जातात, पण पान एकावरहि उघडत नाहीं, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, म्हणजे केबल, ओएनटी किंवा फायबर यांत असतो. लॅपटॉपास केबल लावण्याची सोय असल्यास तो केबलीनें थेट राउटरला जोडून पाहावा. केबलीनें चालतें व बिनतारी चालत नाहीं, असें दिसल्यास अर्धा मार्ग निर्दोष ठरला. अशा रीतीनें प्रत्येक परीक्षेसरशी शोधावयाचें क्षेत्र निम्मे होत जातें.

बाहेरील भागांत दोष आहे असें वाटल्यास आरंभ पायापासून, म्हणजे विजेपासून करावा. वाळूवर बांधलेल्या घराची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकिली आहे. ज्याचा पाया तपासला नाहीं त्याच्या माळ्याची दुरुस्ती व्यर्थ होय. ओएनटी व राउटर या दोहोंवर दिवे आहेत ना? सॉकेटचें बटण चालू आहे ना? अ‍ॅडाप्टर त्याच यंत्राचा आहे ना? घरांत सारख्या दिसणाऱ्या अ‍ॅडाप्टरांची अदलाबदल होणें ही नित्याची गोष्ट आहे. 12 व्होल्ट लागणाऱ्या राउटरास 9 व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लाविला, तर दिवे लागूनहि तो वारंवार बंद पडूं शकतो. उलटपक्षीं 9 व्होल्टच्या यंत्रास 12 व्होल्ट दिले, तर तें कायमचें बिघडण्याची भीति आहे. दोन्हींवर छापलेले आंकडे ताडून पाहावे. नंतर दोन्ही यंत्रें बंद करून अर्धा मिनिट थांबावें. प्रथम ओएनटी चालू करावा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोनतीन मिनिटें धीर धरावा, आणि मग राउटर चालू करावा. पुष्कळ तक्रारी एवढ्यानेंच मिटतात.

तरीहि न मिटल्यास ओएनटीच्या दिव्यांकडे पाहावें. बहुतेक ओएनटींवर ‘पीओएन’ व ‘एलओएस’ अशीं अक्षरें असलेले दोन दिवे असतात. पहिला हिरवा व स्थिर असला म्हणजे बाहेरून प्रकाश येत आहे. दुसरा लाल होऊन लुकलुकूं लागला म्हणजे प्रकाश हरवला असें समजावें. अशा वेळीं फायबर कोठें दाराखालीं चेपला आहे काय, मेजाच्या कोपऱ्यावर काटकोनांत वांकला आहे काय, एवढें पाहावें. कारण कांचेचा तंतु फार वांकविला तर त्यांतील प्रकाश वळणाशींच बाहेर निसटतो. वांक अलगद सोडवावा. याहून अधिक कांहीं करूं नये. तंतूचें टोंक काढून त्यांत डोकावून तर मुळींच पाहूं नये. त्यांतील प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु दिसत नाहीं म्हणून तो निरुपद्रवी समजणें चूक आहे. लाल दिवा तसाच राहिला तर सेवा देणाऱ्या कंपनीस कळवावें. घरांतील कोणतेंहि बटण दाबून तो दोष जाणार नाहीं.

ओएनटी ठीक असून इंटरनेट नसेल, तर त्याच्यापासून राउटरपर्यंतची केबल पाहावी. राउटरच्या पाठीमागें एकसारख्या चारपांच खोबणी असतात. त्यांपैकीं एक ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या नांवाची असून बहुधा निराळ्या रंगाची असते. ओएनटीची केबल तेथेंच लावावयाची. इतर खोबणी घरांतील यंत्रांसाठीं आहेत. नवा राउटर बसवितांना ही केबल भलत्या खोबणींत जाणें हा फार सामान्य दोष होय. केबल खोबणींत घालतांना ‘टक्’ असा आवाज होऊन तिची लहान जिभली अडकली पाहिजे. जिभली मोडली असेल तर केबल बदलावी, कारण ती आज ना उद्यां निसटणारच.

आतां टांचणीच्या छिद्राविषयीं. राउटर बंद करून चालू करणें ही एक गोष्ट, आणि छिद्रांतील बटण दहाएक सेकंद दाबून धरणें ही अगदीं दुसरी. पहिल्या कृतीनें राउटर झोंपेंतून उठतो. दुसरीनें तो आपला पूर्वजन्मच विसरतो. वाय-फायचें नांव, त्याचा पासवर्ड, कंपनीनें दिलेल्या खात्याचें नांव व पासवर्ड, सर्व पुसून कारखान्यांतून निघाल्या वेळची स्थिति त्यास प्राप्त होते. कित्येक कंपन्यांच्या सेवेंत खात्याचें नांव व पासवर्ड राउटरमध्यें भरल्यावांचून इंटरनेट सुरूच होत नाहीं. म्हणून हीं माहिती एका कागदावर लिहून ठेविलेली असल्यावांचून त्या छिद्राच्या वाटेस जाऊं नये.

माहिती भरण्यासाठीं राउटरचें पान उघडावें लागतें. ब्राउझरमध्यें 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असा आंकडा घातल्यास तें बहुधा उघडतें. नक्की आंकडा राउटरच्या तळाशीं चिकटविलेल्या कागदावर असतो. 192.168 या आंकड्यांनीं सुरू होणारे पत्ते 1996 सालच्या ठरावानें खासगी जाळ्यांकरितां राखून ठेविले आहेत. म्हणून ते लक्षावधि घरांत एकाच वेळीं असूं शकतात. वाड्यांतील ‘पहिली खोली’ जशी प्रत्येक वाड्यांत असते, तसेंच हें होय. परंतु एकाच वाड्यांत दोन ‘पहिल्या खोल्या’ झाल्या तर टपाल कोणाकडे द्यावें? ओएनटीच राउटरचेंहि काम करीत असतां त्यास दुसरा राउटर जोडला, व दोघांचाहि पत्ता 192.168.1.1 असला, तर हाच घोटाळा होतो. अशा वेळीं दुसऱ्याचा पत्ता 192.168.2.1 असा बदलावा, म्हणजे तंटा मिटतो. तसेंच लॅपटॉपनें आपला पत्ता 169.254 या आंकड्यांनीं सुरू होणारा दाखविला, तर राउटरकडून त्यास पत्ता मिळालाच नाहीं, व त्यानें स्वतःच एक तात्पुरता घेतला, असा त्याचा अर्थ आहे. तेव्हां लॅपटॉप व राउटर यांच्या मधला भाग तपासावा.

दोष बिनतारी भागांत असल्याचें ठरलें, तर लहरींचा स्वभाव जाणला पाहिजे. 1895 सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं अशाच अदृश्य लहरींनीं, मध्यें तार नसतां, दूरची घंटा वाजवून दाखविली. हे बोस कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स या मिशनरी विद्यालयांत फादर लाफों यांच्या हाताखालीं शिकले होते, हें येथें आमच्या विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगावेंसें वाटतें. आपल्या घरच्या राउटरच्या लहरी त्याच कुळांतील आहेत. त्या बहुधा दोन पट्ट्यांत असतात: 2.4 गिगाहर्ट्झ व 5 गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यांतील लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यांतील साडेपांच सेंटिमीटरांच्या आसपास. लांब लहर भिंतींतून अधिक सहज पार जाते, पण तिचा वेग, म्हणजे माहिती वाहण्याची शक्ति, कमी. आंखूड लहर अधिक माहिती वाहते, पण एकदोन भिंतींतच थकते. म्हणून राउटरजवळच्या खोलींत 5, आणि दूरच्या खोलींत 2.4 घ्यावा.

लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांचें कांचपात्र आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती हे या लहरींचे शत्रु होत. धातु त्यांस परतवितो व पाणी त्यांस शोषून घेतें. असें असतां आपण राउटर कोठें ठेवितों? दिसावयास बरें नाहीं म्हणून दूरचित्रवाणीच्या मागें किंवा कपाटांत! घराच्या मध्यभागीं, उंचावर व मोकळ्या जागीं तो ठेविला तर नवें यंत्र विकत घेण्याची गरज पुष्कळदां उरत नाहीं. मायक्रोवेव्ह ओव्हनहि 2.4 च्या पट्ट्यांतच काम करितो. जेवणाच्या वेळींच इंटरनेट मंदावत असेल तर संशय तिकडे न्यावा. शिवाय 2005 पासून भारतांत हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यावांचून मोकळा आहे. त्यामुळें चाळींत किंवा सदनिकांच्या इमारतींत शेजारपाजारचे राउटर एकाच वाटेवर गर्दी करितात. या पट्ट्यांतील वाटांस, म्हणजे चॅनेलांस, क्रमांक दिलेले असून त्यांपैकीं 1, 6 व 11 हे एकमेकांत मिसळत नाहींत. राउटरच्या पानांत जाऊन, शेजाऱ्यांचे चॅनेल ज्यांत कमी असतील तो यांतून निवडावा.

मुद्रणयंत्र, दिवा, कॅमेरा अशीं लहान यंत्रें जोडतांना निराळीच अडचण येते. त्यांतील बरींचशीं केवळ 2.4 चा पट्टा जाणतात. मोबाइल 5 च्या पट्ट्यावर असतां त्यांची गांठ पडत नाहीं, व यंत्र नादुरुस्त आहे अशा समजुतीनें तें दुकानांत परत जातें. बसवितांना मोबाइल 2.4 वर आणावा, यंत्र राउटरजवळ आणून जोडावें, आणि मग त्याच्या जागीं न्यावें. दूरच्या खोलीसाठीं लहर पुढें पोहोंचविणारा रिपीटर घेतला असल्यास तो त्या खोलींतच ठेवूं नये. ज्याला स्वतःस ऐकूं येत नाहीं तो दुसऱ्यास काय सांगणार? राउटर व ती खोली यांच्या मध्यावर, जेथें लहर अजून चांगली पोहोंचते, तेथें तो लावावा.

पासवर्डाच्या चुका तर घरोघरीं होतात. रोमन लिपींतील मोठें अक्षर व लहान अक्षर यंत्रास निराळें असतें. शून्याचा आंकडा व ‘ओ’ अक्षर, एकाचा आंकडा व ‘एल’ अक्षर यांची गल्लत सहज होते. पासवर्ड बदलल्यावर जुनें यंत्र जुनाच पासवर्ड पाठवीत राहतें. म्हणून त्या यंत्रास तें जाळें आधीं ‘विसरावयास’ लावून मग नवा भरावा. मोबाइलची किंवा लॅपटॉपची तारीख चुकीची असली तरीहि पुष्कळ पानें उघडत नाहींत, कारण पानाच्या खरेपणाचा दाखला मुदतींत आहे कीं नाहीं हें यंत्र त्या तारखेवरून ठरवितें. मात्र त्रास नको म्हणून पासवर्डच काढून टाकणें हें चोर येतात म्हणून दार काढून ठेवण्यासारखें आहे. 2004 सालीं आलेली ‘डब्ल्यूपीए-2’ किंवा 2018 सालची ‘डब्ल्यूपीए-3’ ही संरक्षणाची पद्धति निवडावी. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धति फोडतां येते हें 2001 सालींच सिद्ध झालें आहे. राउटरच्या पानाचा मूळचा पासवर्डहि बदलावा.

शेवटीं तीन नियम सांगतों. पहिला: एका वेळीं एकच बदल करावा, व त्याचा परिणाम पाहून मगच दुसरा. चार गोष्टी एकदम बदलल्या व यंत्र चालूं लागलें, तरी दोष कशांत होता तें कळत नाहीं. आणि बिघडलें, तर पूर्वस्थितीवर येण्याची वाट राहत नाहीं. दुसरा: केलेली प्रत्येक कृति, आणि सर्व कांहीं ठीक असतां कोणते दिवे कोणत्या रंगाचे असतात, हें वहींत लिहून ठेवावें. तिसरा: काम तांतडीचें असेल तर आधीं काम करावें, दुरुस्ती मागाहून. मोबाइलचें स्वतःचें इंटरनेट हॉटस्पॉटच्या द्वारें लॅपटॉपास देतां येतें. वरील घरीं दोन मोबाइल हातांत असतां हें कोणासच सुचलें नाहीं, कारण सर्वांचें लक्ष दोष कोणाचा हें ठरविण्याकडे लागलें होतें.

त्या घरीं आतां कपाटाच्या दाराला आंतून एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर खात्याचें नांव, कंपनीचा दूरध्वनि आणि वर दिलेला तपासणीचा क्रम त्या मुलानेंच सुवाच्य अक्षरांत लिहिला आहे. मध्यंतरीं पुन्हां एकदां इंटरनेट बंद पडलें, तेव्हां आईनेंच त्यास हांक मारून विचारिलें, "बघ रे, लाल दिवा लागला आहे काय?" या प्रश्नांत आरोप नव्हता, शोध होता. दोष शोधण्याची ही रीत यंत्रापुरतीच नव्हे. गणित चुकलें, मित्राशीं बिनसलें, परीक्षेंत गुण कमी पडले, तरी आधीं काय घडलें तें शांतपणें पाहावें, आणि मग बोल लावावयाचा तर लावावा. बहुधा तशी वेळच येत नाहीं.